थोरली टॉपलाच चढवते

थोरलीला गाडीचा आवाज खपत नसे. इंजिनाने जरा तोंड उघडलं की तिच्या कपाळाला आठी पडायची. तिच्या मते आवाज करणारी गाडी आणि उलट बोलणारी माणसं एकाच माळेचे मणी. "माझी गाडी गेलेली कोंबडीलासुद्धा कळत नाही," हे ती येईल त्याला ऐकवायची, आणि ऐकणारा गरीब असला तर दोनदा ऐकवायची.

घर चढाच्या पायथ्याशी होतं. मागे खुराडं, खुराड्यामागे जाळी, आणि जाळीला लागूनच वर जाणारा रस्ता. वर, दोन वळणं पार केल्यावर बेकरी. रोज सकाळी अंड्यांचे ट्रे मोटारसायकलच्या मागे बांधून बेकरीत पोचवायचे, हा घराचा धंदा. गाडी सासऱ्यांची होती. ते गेले, गाडी उरली, आणि ती चालवायचा मान आपोआप थोरलीकडे आला, कारण घरातले दोन्ही मुलगे दूरच्या कारखान्यात होते आणि सासूबाईंचे गुडघे कामातून गेले होते.

नवऱ्याने एकदा सुट्टीला आल्यावर तिला गाडी शिकवली होती. शिकवली म्हणजे काय, एका दुपारी घाईघाईने चार गोष्टी सांगितल्या आणि जेवायला बसला. त्यातली एक थोरलीने काळ्या दगडावरची रेघ मानली. "टॉपला टाकायची आणि विसरायची. सारखा गिअर बदलतो तो पेट्रोल जाळतो." म्हणून ती अंगणातून पहिल्याला निघायची, कुंपणापाशी दुसरा, पाण्याच्या टाकीपाशी तिसरा, आणि चढ सुरू व्हायच्या आधीच चौथा, म्हणजे टॉप. मग चढ यायचा. गाडीचं बळ सरायचं, हँडल थरथरायला लागायचं, सगळी गाडी अंगात आल्यासारखी गदगदा हलायची आणि इंजिनाच्या पोटात कोणीतरी दार ठोठावल्यासारखं ठक ठक व्हायचं. थोरली ॲक्सिलरेटर आणखी पिळायची. गाडी आणखी हलायची. कशीबशी कण्हत वर पोचायची, पण आवाज नाही! चढ म्हटला की गाडी हलणारच आणि अंडी म्हटली की फुटणारच, अशी तिने मनाची समजूत घालून टाकली होती. असल्या समजुतींवर माणसाचा जन्म सुखात जातो. फक्त घरात दुसरी जाऊ येता कामा नये.

त्या फेरीवर थोरलीचा जीव होता, आणि त्याचं कारण अंडी नव्हती. घरात सकाळपासून "अगं" सुरू व्हायचं. अगं पाणी, अगं दार, अगं ती कोंबडी का ओरडते बघ. सासूबाईंना खोकला आला तरी त्यातून "अगं" ऐकू यायचं. बेकरीतून परत येताना मात्र थोरली वरच्या वळणावर थांबायची. तिथे दरीच्या बाजूला दगडी कठडा होता. गाडी बंद करायची, हेल्मेट काढायचं, कठड्यावर बसायचं. करायचं काहीच नाही. खाली आपलं घर काडेपेटीएवढं दिसायचं, आणि त्यातून एकही "अगं" वरपर्यंत पोचायचा नाही. दिवसाकाठी तेवढी दहा-पंधरा मिनिटं तिची स्वतःची होती. गाडीची किल्ली गेली असती तर ती मिनिटंही गेली असती.

आणि मग धाकटी आली.

जावा जावा आणि उभा दावा हे काही उगाच म्हटलेलं नाही, पण या दोघींनी दावा उभा राहायचीसुद्धा वाट पाहिली नाही. धाकटीला गाडी येत होती. तिच्या मामाचा गॅसच्या सिलिंडरांचा धंदा होता आणि ती त्याच्याबरोबर भरल्या सिलिंडरांची गाडी हाकत लहानाची मोठी झाली होती. घरात पाऊल टाकून महिना होतो न होतो तोच ती म्हणाली, "ताई, एक दिवसाआड मी जाईन की. तुम्हालाही विसावा."

विसावा! थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण सासूबाईंनी मान डोलावली आणि एक दिवसाआड ठरलं.

धाकटीची तऱ्हा उलटी. ती चढ लागायच्या आधीच गिअर खाली उतरवायची, तिसरा, पहिल्या वळणाच्या अलीकडे दुसरा, आणि गाडी अशी ओरडत वर जायची की खुराड्यातल्या कोंबड्या एकमेकींकडे बघायच्या. सासूबाई मागच्या दारात खुर्ची टाकून बसत आणि तिथूनच उंटावरून शेळ्या हाकत. गाडी आयुष्यात चालवली नव्हती, पण मत होतं. "थोरलीची गाडी कशी गुमान जाते," त्या म्हणायच्या. "आणि ही? सगळ्या गल्लीला सांगत जाते, मी निघाले म्हणून." थोरली हे ऐकायची आणि भांडी उगाच जोरात घासायची. आनंदानेसुद्धा माणूस भांडी जोरात घासतो.

पण अंड्यांना सासूबाईंचं मत ठाऊक नव्हतं. एका सकाळी बेकरीवाल्याचा फोन आला. गडी मोजकं बोलणारा होता, पण त्या दिवशी मोजून तीन वाक्यं बोलला. एक दिवस अंडी धड येतात, एक दिवस फुटलेली. मला धड हवीत. नाहीतर पलीकडच्या खुराडेवाल्याकडून घेतो.

फुटलेली कोणाच्या दिवशी यायची हे बोटावर मोजण्यासारखं होतं. थोरलीच्या. पण थोरली काही अशी तशी सापडणारी नव्हती. "मी गाडी नेते त्या दिवशी ट्रे भरतं कोण?" तिने विचारलं. "हीच ना? मुद्दाम तडकलेली भरते. नाव माझं खराब करायला."

"तडकलेली भरून मला काय मिळणार?" धाकटी म्हणाली.

"किल्ली."

"किल्ली मला अशीही मिळेल. तुम्ही गाडी चालवत नाही, ताई, तुम्ही गाडीला छळता. टॉपला चढावर कोणी घालतं का? इंजिनाला दम लागलेला तुम्हाला ऐकू येत नाही? ते थरथरतं ना, ते अंड्यांत जातं."

"आणि तू ओरडवतेस ते?"

"ओरडतंय म्हणजे जोर आहे त्याच्यात. मुकाट थरथरतंय ते मरतंय."

"तुझ्या मामाचे सिलिंडर नाहीत हे. अंडी आहेत."

"म्हणून तर म्हणते," धाकटी म्हणाली आणि निघून गेली. हे निघून जाणं थोरलीला सगळ्यात झोंबलं. भांडणाऱ्या माणसाने समोर उभं राहावं, एवढी तरी लाज हवी.

सासूबाईंनी निकाल लावायचं ठरवलं. एका म्यानात दोन तलवारी त्यांना नको होत्या. "उद्या थोरली चालवेल, धाकटी मागे बसेल, ट्रे मांडीवर. परवा उलटं. चालवणारी ट्रेला हात लावणार नाही, म्हणजे भरण्या-बांधण्याचं निमित्त नको. ट्रे मी बघून देईन. जिची कमी फुटतील, किल्ली तिची, कायमची. दुसरीने पुन्हा मागायची नाही."

न्याय म्हणून ऐकायला हे झकास होतं. जिला दुसरीची अंडी फुटायला हवी आहेत, तिच्याच मांडीवर अंडी ठेवायची, एवढी एक गोष्ट सोडली तर. मांजरीला शिंक्याखाली राखणीला बसवावं तसलाच हा प्रकार. दोघींच्या ते ताबडतोब लक्षात आलं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि दोघींनीही माना डोलावल्या.

पहिल्या दिवशी थोरलीने अंगावर नवीन जॅकेट चढवलं. धाकटी मागे बसली, दोघींच्या मध्ये सुतळीने बांधलेले तीन ट्रे, वर एक रिकामा पालथा. कुंपण, टाकी, टॉप. चढावर गाडी नेहमीसारखी गदगदली. मागून धाकटी एकदाच म्हणाली, "तिसऱ्याला घ्या." थोरलीने ॲक्सिलरेटर पिळला. तिसऱ्याला घेणार ती थोरली कसली! ठक ठक करत गाडी वर पोचली. बेकरीवाल्याने सुतळी सोडली. पाच फुटली होती. खालच्या ट्रेमध्ये दोन, मधल्यात तीन, इकडे एक, तिकडे एक, बुडाला बारीक तडे जाऊन पांढरा चिकटा पुठ्ठ्याला लागलेला.

"फोडलीस," परत येताना थोरली म्हणाली.

"मी हात लावला नाही."

"खाई त्याला खवखवे."

त्या रात्री थोरलीला झोप लागली नाही, आणि पडल्या पडल्या तिने सरळ सरळ ठरवून टाकलं. तू पाच फोडलीस ना? मी सहा फोडते. एवढाच हिशोब. यात पाप ते काय, ही तर परतफेड होती.

दुसऱ्या दिवशी ती मागे बसली. ट्रे मांडीवर, पुढे धाकटीची पाठ. पालथ्या ट्रेच्या कडेला फट होती आणि तिच्यातून अंगठा आरामात आत जात होता. थोरलीने तो घालून पाहिला, काढला, पुन्हा घातला. मग थांबली. गाडी हलायला लागली की त्या हलण्याच्या आडून काम उरकावं, असा विचार तिने केला. चढावर तर हलेलच.

चढ आला. धाकटीने क्लच दाबला, इंजिनाचा वेग किंचित चढू दिला, तिसरा टाकला आणि क्लच असा सोडला की थोरलीला गिअर बदललेला कानांना कळला, कमरेला नाही. वळणाच्या अलीकडे पुन्हा तेच, दुसरा. वळणात शिरताना गाडी आधीच तयार होती. इंजिन ओरडत होतं, थोरलीच्या हेल्मेटमध्ये दुसरं काही ऐकू येत नव्हतं. पण मांडीवर काहीच होत नव्हतं. ती वाट बघत राहिली. गुडघे आवळून, ट्रेवर दोन्ही तळवे ठेवून वाट बघत राहिली. ट्रे निजलेल्या पोरासारखे पडून होते. वर एवढा आरडाओरडा, आणि खाली एक थरथर नाही.

तेव्हा तिला समजलं. काल धाकटीने हात लावला नव्हता. कालची पाच गाडीनेच फोडली होती, आणि गाडी तिच्या हातात होती. कालचीच कशाला, इतक्या वर्षांची सगळी. नवऱ्याचं ते वाक्य, तिचं ते गुमान चालवणं, सासूबाईंचं कौतुक, सगळं एका वळणावर खोटं पडलं. आणि खोटं पाडणारी हीच, समोरची पाठ.

एखादी भली बाई असती तर इथे विरघळली असती. थोरली विरघळली नाही. तिला धाकटीचा जेवढा राग काल आला होता, त्याच्या दुप्पट आज आला. चुकीची असतीस तर तुला माफ केलं असतं, असा तो राग होता. आणि वरचा कठडा तिला आता दिसायला लागला होता. किल्ली गेली की कठडा गेला, आणि मग मरेपर्यंत ते घर, ती खोकल्यातली हाक, आणि रोज सकाळी चढावरून ऐकू येणारं या बयेचं इंजिन.

तिने अंगठा आत घातला आणि दाबला. अंडं वाटलं होतं त्यापेक्षा चिवट निघालं. मग गेलं. इंजिनाच्या आवाजात तिचं तिलाही ऐकू आलं नाही. दुसरं, तिसरं. हात पोचत होता तेवढी कडेची ओळ. सहा झाल्यावर तिने अंगठा बाहेर काढून पँटला पुसला.

बेकरीवाल्याने सुतळी सोडली, पालथा ट्रे उचलला आणि जीभ टाळ्याला लावून च्च केलं. "सहा. कालच्यापेक्षा एक जास्त." त्याला आकड्याशी कर्तव्य होतं. पण धाकटी हेल्मेट काखेत धरून ट्रेवर वाकली आणि बराच वेळ बघत राहिली. सहाही अंडी वरच्या ट्रेमधली होती. सहाही एकाच कडेची, एका ओळीत. बुडाला तडा एकालाही नव्हता. सगळ्यांच्या डोक्याला खड्डे पडले होते, अंगठ्याएवढे. धाकटीने मान वर केली आणि थोरलीच्या हाताकडे पाहिलं. थोरलीने हात जॅकेटच्या खिशात घातला.

उतरताना धाकटी वरच्या वळणावर थांबली. नेमकी कठड्यापाशी. गाडी बंद केली आणि हेल्मेट काढून कठड्यावर बसली, थोरली बसायची त्याच जागी.

"इथे कशाला थांबलीस?" थोरलीचा आवाज चिरकला.

"मी रोज थांबते इथे. माझ्या दिवशी." धाकटी खाली बघत होती, काडेपेटीएवढ्या घराकडे. "इथून हाक ऐकू येत नाही."

आपली म्हणून जी एकच जागा होती, तीसुद्धा हिने उष्टी करून ठेवली होती.

"अंगठा नीट पुसा, जाऊबाई," धाकटी म्हणाली. ताई गेली होती, जाऊबाई आली होती. "नखात पिवळं राहिलंय. सासूबाईंना दिसेल."

"तोंड सांभाळून बोल."

"सांगणार नाही मी. सांगून ऐकणार कोण? त्यांना तुमची मुकी गाडी आवडते. त्या म्हणतील, धाकटी हरली म्हणून कांगावा करते." ती उठली. "काल तुम्ही गाडीने पाच फोडलीत. आज अंगठ्याने सहा. पण उद्या ट्रे कोणाच्याच मांडीवर नसणार. उद्या काय कराल?"

"माझं मी बघून घेईन."

"बघा. मला काय, मला घरातून चढावरचं सगळं ऐकू येतं."

घरी सासूबाईंनी सहा आणि पाच ऐकलं, किल्ली खिळ्यावरून काढली आणि थोरलीच्या हातात दिली. "मी म्हणत नव्हते? गुमान काम करणाऱ्याच्याच हाताला यश." धाकटी भांडली नाही, रडली नाही. ती कोंबड्यांना दाणे घालायला गेली. थोरलीने किल्ली मुठीत घट्ट धरली. जिंकल्यावर माणसाला बरं वाटतं असं तिने ऐकलं होतं. ती बरं वाटायची वाट बघत संध्याकाळपर्यंत बसली.

दुसऱ्या दिवशी ट्रे धाकटीने भरले. असे भरले की सोनारानेही शिकावं. एकेक अंडं उजेडासमोर धरून, निमुळतं टोक खाली करून. मग सासूबाईंच्या पुढ्यात प्रत्येक ट्रे उघडून दाखवला. "बघून घ्या, आई. एकही तडकलेलं नाही. नंतर माझं नाव नको." आणि सुतळी बांधून बाजूला झाली. थोरलीला एकही निमित्त उरलं नव्हतं. नाक दाबून ठेवलं होतं आणि तोंडही.

ती निघाली. कुंपण, टाकी, टॉप. सवयीने पाय तसाच चालला. चढ सुरू झाला आणि हँडल थरथरायला लागलं. इतकी वर्षं हा थरथराट तिच्या हातांना माहीत होता, आता मांड्यांनाही माहीत झाला होता. तो चाकातून, सांगाड्यातून मागे कसा जातो आणि पुठ्ठ्यातून वर कसा चढतो, हे तिला डोळ्यांनी दिसावं तसं कळत होतं. तरी तिने दात ओठ खाऊन टॉप धरून ठेवला. पोटात ठक ठक सुरू झालं. मागे काहीतरी टक्‌ झालं, किंवा झाल्यासारखं वाटलं. आज एक ट्रे जरी चिकट पोचला तर बेकरीवाला पलीकडच्याकडे जाणार, आणि मग गाडी कशाला, किल्ली कशाला, आणि कठडा तरी कशाला?

तिने क्लच दाबला. तिसरा. गाडीने निम्मा श्वास घेतला. वळण समोर आलं होतं. तिने पुन्हा क्लच दाबला, काल कमरेला कळला नव्हता तसा, जपून, आणि दुसरा टाकला.

इंजिन ओरडलं. अख्ख्या चढाला ऐकू जाईल असं ओरडलं, आणि मागची थरथर एका क्षणात थांबली.

पहिलं वळण असं होतं की गाडी वळवताना घराचं मागचं अंगण थेट नजरेखाली यायचं. बघायचं नाही असं ठरवून थोरलीने पाहिलं. सासूबाई खुर्चीत पुढे झुकून चढाकडे कान लावून बसल्या होत्या. धाकटी दाण्यांचं घमेलं कमरेला लावून कोंबड्यांमध्ये उभी होती. तिने वर पाहिलं नाही. फक्त दाणे टाकणारा हात मध्येच थांबला, वळण संपेपर्यंत थांबला, आणि मग पुन्हा दाणे टाकू लागला.

बेकरीत एकही अंडं फुटलेलं नव्हतं. बेकरीवाल्याने ट्रे दोनदा बघितले आणि चक्क हसला. थोरलीला त्याचं हसू नको होतं. येताना ती कठड्यावर बसली, पण तिथे तिला आधीच कोणीतरी बसल्यासारखं वाटत राहिलं, म्हणून लवकर उठली.

अंगणात गाडी लावते न लावते तोच सासूबाई म्हणाल्या, "अगं, आज गाडी का एवढी बोंबलत होती? तूच होतीस ना चढावर?"

थोरलीने हेल्मेट काढलं. चढावर खडी होती म्हणावं, की वारा म्हणावं, की इंजिनाचं काहीतरी बिघडलं म्हणावं, असं तिच्या जिभेवर येत होतं. पण खुराड्यातून धाकटीच आधी बोलली, अगदी गोड आवाजात, दाणे टाकता टाकता.

"थोरल्याच होत्या, आई. मला तर घटकाभर वाटलं, मीच चढतेय."

सासूबाईंना त्यातलं काही कळलं नाही. थोरलीने किल्ली खिशातून काढली, तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खिशात टाकली. उद्या पुन्हा चढायचं होतं, परवाही, आणि धाकटीचे कान काही बहिरे होणार नव्हते.